शेवटचा घोडा मारायचा राहिला

एकतीस वर्षं मी नागपुरात लोकांना बुद्धिबळ शिकवलं, आणि एकतीस वर्षं दारात आलेल्या नव्या माणसाने एकच प्रश्न विचारला, "सर आहेत का?"

"सर नाहीत," मी सांगायचे.

"मग कधी येतील?"

"येणार नाहीत. सर मीच आहे."

मग त्या माणसाची नजर माझ्या खांद्यावरून आत जायची. खरे सर मी कपाटामागे दडवून ठेवले असावेत, असा त्याचा संशय. काही जण "बरं, पुन्हा येतो" म्हणून जिना उतरत ते कायमचेच. जे थांबले त्यांनी माझ्या हातून पुष्कळ भोगलं.

संपादकांनी मला विषय दिला होता, 'बुद्धिबळाने मला काय दिलं'. बुद्धिबळाने मला पाठदुखी दिली. हा विषय एका ओळीत संपला, तेव्हा उरलेल्या पानांत मी माझ्या धंद्याबद्दल लिहिते आणि त्यातल्या एका चुकीबद्दल. ती चूक बाकी कुठल्या गावात झाली नसती असं मला वाटतं.

माझा वर्ग धरमपेठेत, सांबारवडीच्या दुकानाच्या वरच्या माडीवर. (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, एवढं पुण्याकडच्या वाचकांनी चालवून घ्यावं.) दुपारी चारला खाली कढई तापली की वर एकाग्रता संपली. माझे निम्मे विद्यार्थी वजीर गमावायचे ते समोरच्याच्या हुशारीमुळे नाही, तर पहिला घाणा निघाल्यामुळे. पालक मात्र येऊन विचारायचे, "मॅडम, याची मेमरी वाढेल ना?" मी म्हणायचे, वाढेल, तुम्ही त्याला आज काय कबूल केलंय ते त्याच्या लक्षात राहील. त्यानंतर ते जरा कमी बोलत.

ज्यांना या खेळातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी माझी विद्या थोडक्यात सांगते. पटावर प्रत्येकाला दोन उंट मिळतात. उंट तिरका चालतो. त्यामुळे पांढऱ्या घरात जन्मलेला उंट मरेपर्यंत पांढऱ्याच घरांत फिरतो आणि काळ्या घरातला काळ्याच. एकटा उंट म्हणजे अर्ध्या जगाला आंधळा. घोडा उड्या मारत कुठल्याही रंगाच्या घरात जातो, म्हणून नवशिक्यांना त्याची फार भीती. समोर घोडा दिसला की आपला उंट देऊन त्याला मारतात आणि हुश्श करतात. एक दिला, एक घेतला, हिशेब बरोबर. तो तसा नाही. ज्याच्याकडे दोन्ही उंट शिल्लक, त्याच्याकडे सगळा पट शिल्लक. दोन उंट म्हणजे एका घरात नांदणाऱ्या दोन जावा. एकमेकींच्या वाटेत कधी येत नाहीत, पण दोघी मिळून तिसऱ्याला काही सुचू देत नाहीत.

ही जोडी लगेच काही करत नाही. शह नाही, मारामारी नाही. नुसतं लांबून एका प्याद्याकडे पाहत बसायचं. समोरच्याला ते राखावं लागतं. मग दुसऱ्याकडे पाहायचं. तेही त्याला राखावं लागतं. तासाभराने त्याचं सगळं सैन्य चौकीदारीला लागलेलं असतं आणि त्याला कुठलीच चाल नकोशी होते. पण बुद्धिबळात 'माझी चाल राहू द्या' म्हणायची सोय नाही. मग तो आपल्या हाताने आपलं वाटोळं करतो. माझ्याशी खेळताना पुरुष मंडळी फार वैतागत. "मॅडम, काही मारा तरी," म्हणत. मी म्हणायचे, घाई काय आहे. पोरं मला पाठीमागे उंटबाई म्हणायची. पुढे ती पोरं मोठी झाली, स्वतःच्या पोरांना घेऊन आली आणि तोंडावर म्हणू लागली.

या दाबाने माणसाचं काय होतं याचा एक नमुना सांगते. कळमेश्वरला कारखाना असलेले एक गृहस्थ माझ्याकडे शिकायला आले. वय अठ्ठावन्न. उद्देश एकच, व्याह्यांना हरवणे. व्याही दर रविवारी जेवायला येत, जेवण झालं की पट मांडत, अर्ध्या तासात यांना मात देत आणि वर "चला, पचलं" म्हणत. ते "पचलं" या गृहस्थांच्या जिव्हारी लागलं होतं.

"मले फक्त त्या माणसाले हरवाचं आहे. बाकी बुद्धिबळ तुमच्याजवळच ठेवा," ते म्हणाले.

मी त्यांना चार महिने एकच गोष्ट शिकवली, उंट द्यायचा नाही. त्यांचा हात घोड्याकडे वळला की मी त्यांच्या मनगटावर पट्टी मारायचे. कारखान्यात दोनशे माणसं ज्यांना घाबरत ते गृहस्थ माझ्याकडे पट्टी खात बसायचे. शेवटी तो रविवार आला. जेवण एकला झालं, डाव पावणेपाचला संपला. यांनी काहीच मारलं नाही, नुसते दोन उंट लांब कोपऱ्यांत ठेवून बसले. व्याह्यांनी तीनदा पाणी मागवलं, एकदा बीपीची गोळी घेतली आणि अखेर हताश होऊन स्वतःचाच हत्ती उंटाच्या तोंडी दिला. जिंकल्यावर हे "पचलं" म्हणायला विसरले, इतके थकले होते.

दोन आठवड्यांनी त्यांची पत्नी जिना चढून आली. "सर आहेत का?" असं तिने विचारलं नाही. ती थेट म्हणाली, "तुमीच का त्या? व्याही दोन रविवारपासून येऊन नाही राहिले. माह्या पोरीले तिथं नांदाचं आहे. पुढच्या खेपेला हे हरले पायजे, कसं ते तुमी पाहा." मी त्या गृहस्थांना हरायला शिकवलं. त्याला एकच तास लागला.

अशा गोष्टी सांगितल्या की लोकांना वाटतं मी फार मोठी खेळाडू असणार. तसं काही नाही. माझ्या स्वतःच्या स्पर्धांतले निम्म्याहून जास्त डाव बरोबरीत सुटले. दाब द्यायला मला फार आवडायचं, इतकं की डाव संपवायला जीव व्हायचा नाही. समोरचा घामाघूम झालेला पाहण्यात माझा वेळ जायचा आणि मग तो कुठूनतरी निसटायचा. शिकवतानाही हेच झालं. माझे विद्यार्थी गळा आवळण्यात पटाईत, पण शेवटची गाठ मारायची वेळ आली की छताकडे पाहत. बहुतेक वेळा समोरचा त्याआधीच शरण यायचा, म्हणून हे पितळ उघडं पडत नसे.

ते उघडं पडलं वंदनामुळे.

वंदना आली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. एका सरकारी मंडळात लिपिक. नेमणूक गडचिरोलीच्या पार टोकाला, नागपूरपासून बसने सात तास. पहिल्याच दिवशी तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, लग्नाचं विचारायचं नाही. दोन, तिला नागपूरला बदली हवी आहे आणि ती बुद्धिबळानेच होऊ शकते.

दुसरी गोष्ट ऐकून मी चष्मा काढला. तिने समजावून सांगितलं. मंडळाची दरवर्षी कर्मचाऱ्यांची स्पर्धा होते, पहिले तीन जण मंडळाच्या संघात जातात आणि संघातल्या माणसांना सरावासाठी नागपूरच्या मुख्य कार्यालयात आणतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो काटेकोर पाळला जातो.

"आणि नागपूर कशाला?"

"पारशिवनीले बाबा आहेत मॅडम. एकटेच. डोळ्यानं दिसत नाही त्याईले. मागच्या महिन्यात चहा करता करता हात भाजून घेतला. नागपूरले आली तं मी पारशिवनीहून जाणं-येणं करीन. बाबा गाव सोडून याले तयार नाहीत."

ती एकुलती एक. बदलीचे अर्ज करून थकली होती, आणि वडिलांना आपल्याकडे न्यायचं म्हटलं की ते एकच वाक्य बोलत, "मी नाही येत, तूच ये." ते गेल्या चाळीस वर्षांपासून रोज सकाळी गावातल्या शिंप्याच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळत होते. तोच ओटा, तेच चार म्हातारे. डोळे गेल्यावरही त्यात खंड नव्हता. वंदनाला खेळ त्यांनीच शिकवला होता, म्हणजे देशी खेळ.

आता देशी म्हणजे काय तेही सांगायला हवं. आपल्या गावांतून अजून जे बुद्धिबळ खेळतात त्याचे कायदे स्पर्धेपेक्षा वेगळे. त्यात प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं पळत नाही. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असते. प्याद्याने दिलेली मात सगळ्यांत मानाची. वंदनाने माझ्याकडे तिसऱ्याच डावात राजाला टुणकन उडी मारायला लावली, तेव्हा मी तिच्याही मनगटावर पट्टी मारली. पण बाई खेळायची मात्र जबरदस्त. पट तिला आतून दिसायचा. मी तिच्या सवयी एकेक करून काढल्या, जशा समोर आल्या तशा. दोन उंटांची जोडी तर तिला शिकवावीच लागली नाही, नुसतं नाव सांगावं लागलं. आठवड्यात तीनदा मोबाइलवर आणि दर दुसऱ्या शनिवारी पारशिवनीला जाता जाता प्रत्यक्ष, असे आमचे अकरा महिने चालले.

त्यात एकदा निरोप आला की बाबांना मॅडम पाहायच्या आहेत. मी गेले. गुलाबराव अठ्ठ्याहत्तरचे, उंच, काटक, डोळ्यांवर दुधासारखी साय. एक ऑपरेशन बिघडलं आणि दुसऱ्याला ते गेलेच नाहीत. माझ्यापुढे पट मांडून बसले होते. प्रत्येक चालीआधी पटावरची सगळी मोहरी बोटांनी चाचपायचे, माझीसुद्धा. स्पर्धेत ज्या मोहऱ्याला हात लागला तेच खेळावं लागतं. तिथे हे गृहस्थ पहिल्या मिनिटाला बाद झाले असते.

"तुमी म्हणे उंट देत नाही," ते म्हणाले.

"नाही देत."

"मंग काय लोणचं घालता का त्याईचं?"

देशी कायद्याने खेळलो. मी उंट राखले, त्यांनी माझी बाकी फौज खाल्ली, मग उंटही खाल्ले. शेवटी माझा राजा आणि एक हत्ती उरला. तो हत्ती दोनदा त्यांच्या तोंडात आयता आला, पण त्यांनी बोटांनी चाचपून सोडून दिला. मग एका प्याद्याने मात दिली. मी विचारलं, "हत्ती फुकट होता, घेतला का नाही?"

"घेतला असता तं बुर्जी झाली असती ना मॅडम. डाव बरोबरीत. तुमचा राजा एकटा उरला की संपलं. एकट्याले मारण्यात काय मर्दुमकी आहे? त्याच्याजवळ एक तरी मोहरं राहू द्याचं आणि मंग मात कराची. त्याले खेळणं म्हणतात."

आतून चहा घेऊन आलेली वंदना हसून म्हणाली, "बाबा आयुष्यात एकदा बी बुर्जी नाही झाले."

मला ही गोष्ट इतकी आवडली की परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. समोरच्याला हरवायचं, तर त्याचा शेवटचा माणूस आपणच जपायचा. हे कुठल्या पुस्तकात नसतं. चार जणांना मी ही गोष्ट रंगवून सांगितली. फक्त वंदनाला विचारायचं राहिलं, की बाई, हे स्पर्धेत चालत नाही एवढं तुला माहीत आहे ना? वास्तविक एकट्या राजाला मात कशी करायची हा माझ्याकडे सहा वर्षांच्या पोरांचा पहिला धडा. पण हिला तो काय द्यायचा, असं मला वाटलं. हिचा खेळ पाहता तो तिचा अपमान झाला असता. आणि अकरा महिन्यांत तशी वेळ कधी आली नाही, कारण माझ्या वर्गात तोवर समोरचा शरण येतो.

स्पर्धा मंडळाच्या नागपुरातल्या सभागृहात झाली. शेवटच्या फेरीला वंदनासमोर लेखा विभागातले एक साहेब आले. गोल चेहरा, दोन पेनं खिशात, आदल्या वर्षीचे विजेते. गणित साधं होतं. वंदना जिंकली तर तिसरी, म्हणजे संघात, म्हणजे पारशिवनी. बरोबरी झाली तर चौथी, म्हणजे परत सात तासांची बस.

आणि काय खेळली ती. साहेबांनी सुरुवातीला तिचा एक घोडा घेतला त्या बदल्यात आपला उंट दिला आणि खुशीत मागे रेलले. तिथून पुढे तीन तास ते पुन्हा रेलले नाहीत. तिने त्यांना श्वास घेऊ दिला नाही. माझ्या एकतीस वर्षांत मी जे बडबडत होते ते पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर जसंच्या तसं करून दाखवत होतं, आणि दोरीपलीकडे खुर्चीत बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. प्यादी एकमेकांना खाऊन संपली. वंदनाचा राजा आणि दोन उंट, साहेबांचा राजा आणि एक घोडा.

घोड्याची एक दुखरी नस असते. तो पटाच्या काठावर गेला की त्याला पळायला चारच घरं उरतात, आणि समोर मधली दोन घरं सोडून उंट उभा केला की ती चारही बंद. वंदनाने काळ्या घरांचा उंट बरोबर तिथे आणून उभा केला. घोडा पांढऱ्या घरात अडकला. साहेबांचा राजा लांब दुसऱ्या टोकाला. आता पांढऱ्या घरांच्या उंटाने घोडा उचलायचा आणि एकट्या राजाला कोपऱ्यात नेऊन मात द्यायची. एक उंट पहाऱ्यावर, दुसरा फाशी द्यायला, याच दिवसासाठी दोन्ही जपायचे असतात.

वंदनाने घोड्याकडे पाहिलं आणि राजा हलवला.

मला वाटलं काहीतरी खोल योजना आहे. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी मनातून घोडा केव्हाच डब्यात टाकला होता, आता ते चष्मा पुसून पटाकडे बघायला लागले. पुढच्या चालीला तिने पुन्हा घोडा घेतला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती राजाच्या मागे लागली. पण एक उंट घोड्याच्या पहाऱ्याला जखडलेला, उरलेल्या एकाने मात होत नाही. शेवटी पहारा उठवावा लागला आणि घोडा टणटण उड्या मारत निघून गेला.

आणि त्या क्षणी मला गुलाबरावांची बोटं आठवली, माझा हत्ती चाचपून सोडून देणारी.

मी मोजायला लागले. स्पर्धेचा नियम असा, की पन्नास चालींत कोणी काही मारलं नाही आणि प्यादं हललं नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. प्यादी नव्हतीच. मारण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती ही बाई डोळ्यांत तेल घालून जपत होती. मी बाहेरची माणूस, बोलता येत नव्हतं. खोकतासुद्धा येत नव्हतं, पंचांना असले खोकले ओळखू येतात. एकदा खोकला घशापर्यंत आला, तो मी गिळला. गिळला नसता तर बरं झालं असतं, असं आजही मला वाटतं, आणि असं वाटतं म्हणून लाजही वाटते.

त्रेचाळिसाव्या चालीला तिने घोडा पुन्हा पकडला. पुन्हा काठावर, पुन्हा चारही घरं बंद. मनात मी ओरडत होते, घे, बाई, घे. तिचा हात उंटावर गेला नाही. पन्नासावी चाल झाली, साहेबांनी घड्याळ थांबवलं आणि पंचांना हाक मारली. वंदनाशी हात मिळवताना त्यांनी तिच्याकडे जे पाहिलं ते विजेत्याचं पाहणं नव्हतं. रस्त्यात कोणी पाकीट परत दिलं की माणूस तसा पाहतो.

व्हरांड्यात ती नळावर तोंड धूत होती.

"घोडा का नाही घेतलास?" मी विचारलं.

"घेतला असता तं बुर्जी झाली असती ना मॅडम. पन्नास मी मोजून राहिली होती, पण मात बसूनच नाही राहिली."

"इकडे बुर्जी नसते वंदना. एकट्या राजालाही मात देता येते."

तिने नळ बंद केला.

"म्हणजे मी जिंकली होती."

"दोनदा."

"पारशिवनीले बाबा बोलले तवा तुम्ही होत्या ना तिथं? बुर्जीचं ऐकलं होतं तुम्ही."

"हो."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. एकतीस वर्षं मी लोकांच्या मनगटावर पट्ट्या मारल्या आणि त्या दिवशी पट्टी नेमकी कुणाच्या मनगटावर पडायला हवी होती हे मला पक्कं कळलं. मी म्हणाले, "विसरले. तू इतकी चांगली खेळत होतीस की मला वाटलं तुला सगळं येतं." ती म्हणाली, "बाबाले सांगाले तुम्ही चला. मले सांगता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघी पारशिवनीला गेलो. गुलाबराव दारातच खुर्ची टाकून बसले होते, भाजलेल्या हातावर अजून पांढरी चकती होती. पायांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं की दोघी आहेत, आणि दोघी आल्या म्हणजे बातमी काय हेही ओळखलं असावं. "चौथी ना?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं, माझी चूक धरून. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मांड."

वंदनाने पट मांडला. तिचा राजा, तिचे दोन उंट, साहेबांचा राजा आणि काठावरचा तो घोडा. गुलाबरावांनी बोटांनी एकेक मोहरं चाचपलं. घोड्यापासून उंटापर्यंतची मधली दोन घरं बोटाने मोजली, पुन्हा मोजली. पांढऱ्या घरांच्या उंटावरून हात फिरवला.

"लय चांगली गाठ मारली होती वं," ते म्हणाले. "मी बी याले सोडलाच असता." "मॅडमनं उंट शिकवले, म्या बुर्जी शिकवली, आणि मधात तू मेली."

वंदना म्हणाली, "पुढच्या वर्षी पाहू बाबा."

ते ऐकत नव्हते. त्यांनी तो उंट उचलला, सरळ घोड्याच्या जागी नेऊन ठेवला आणि घोडा पटावरून बाजूला काढला. चाळीस वर्षांत त्यांनी समोरच्याचं शेवटचं मोहरं कधी घेतलं नव्हतं. मग त्यांनी पट स्वतःच घडी करून मिटला आणि म्हणाले, "तुही बस किती वाजताची असते?"

"संध्याकाळची पाचची. काहून?"

"दोन धोतरं भर माही. मी येतो."

ती रडायला लागली. मी उठून उगाच चुलीकडे गेले, चहाची भांडी शोधत असल्यासारखी. मागून तिचा आवाज येत होता, "बाबा, नका ना. तो ओटा, ते सगळे. तिथं तुम्हाले कोणीच ओळखीचं नाही दिसणार."

"इथं तरी मले कोण दिसून राहिलं वं," गुलाबराव म्हणाले. "भर लवकर, पाच वाजतील."